एनपीच्या फॉर्मवरचा तो ‘ट्रॅक’ आला कुठून?

अमेरिकेत येऊन नर्स म्हणून तीन-चार वर्षं झाली की आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या डोक्यात एनपी (नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान करून औषध लिहू शकणारी नर्स) करायचं येतं, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, कोणतं कॉलेज चांगलं. फी किती, ऑनलाइन आहे का, जीआरई लागते का, सगळी चौकशी होते. आणि फॉर्मवर ट्रॅकचा, म्हणजे कोणत्या पेशंटसाठी शिकणार त्याचा, जो एक रकाना असतो तो मात्र शेजारणीने काय घेतलं ते बघून भरला जातो. मला हे बघून दर वेळी वाईट वाटतं, कारण कॉलेज बदलता येतं, फी फेडता येते, पण त्या रकान्यात जे लिहिलं ते लायसन्सवर छापून येतं. म्हणून त्या रकान्याचा इतिहास जरा सविस्तर लिहितेय. एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरते.

तर हा रकाना आज जसा दिसतो तसा तो २००८ पासूनचा आहे. त्याआधी काय होतं तर प्रत्येक राज्याचं आपलं वेगळं, प्रत्येक परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं वेगळं. कुठे एनपीला ‘ॲडल्ट’ म्हणायचे, कुठे ‘जेरियाट्रिक’ वेगळी, सायकियाट्रीत मोठ्यांची वेगळी आणि फॅमिलीची वेगळी परीक्षा, आणि एका राज्यात चालणारी पदवी शेजारच्या राज्यात नेली की बोर्ड म्हणणार हे आमच्या यादीतच नाही. त्यावर तोडगा म्हणून लायसन्स देणारे, कॉलेज तपासणारे, परीक्षा घेणारे आणि शिकवणारे अशा सगळ्यांच्या संस्था बसल्या आणि एक आराखडा ठरवला, जो राज्यांनी २०१५ पर्यंत लागू करावा अशी अपेक्षा होती. काही राज्यांनी पूर्ण केला, काहींनी अर्धामुर्धा, काही अजून रेंगाळतायत.

त्या आराखड्यात भूमिका चार ठरल्या, एनपी, मिडवाइफ, भूल देणारी नर्स आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. आणि प्रत्येकीला एक ‘पॉप्युलेशन’ जोडायची, ती सहापैकी एक: फॅमिली (सगळ्या वयांची माणसं), ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी (मोठी आणि म्हातारी), नवजात, बालक, विमेन्स हेल्थ, सायकियाट्री. ॲडल्ट आणि जेरियाट्रिक तेव्हाच एकत्र केले, कारण म्हातारी माणसं वाढत होती आणि फक्त म्हाताऱ्यांसाठी शिकायला येणाऱ्या नर्सेस फार थोड्या होत्या. जुन्या वेगळ्या परीक्षा पुढे बंद झाल्या. सायकियाट्रीतही दोन्ही मिळून सगळ्या वयांची एकच झाली, म्हणून आज सायकची एनपी आठ वर्षांच्या मुलालाही बघते आणि ऐंशीच्या आजींनाही.

आता खरी गोची इथे आहे, शब्दात. आपण सगळे सर्रास विचारतो ‘तुझी स्पेशालिटी कोणती’, आणि उत्तर येतं ‘फॅमिली’. पण आराखड्याच्या भाषेत फॅमिली ही स्पेशालिटी नाहीच, ती पॉप्युलेशन. म्हणजे तू कोणत्या माणसांना बघणार, कोणत्या वयाच्या, ते. स्पेशालिटी म्हणजे हृदय, किडनी, कॅन्सर, त्वचा, हाडं, आणि ती लायसन्सच्या वर येते, लायसन्समध्ये नाही. कार्डिऑलॉजीची एनपी असं लायसन्स कोणतंच राज्य देत नाही. तू ॲडल्ट-जेरो करायचं, परीक्षा द्यायची, आणि मग कार्डिऑलॉजीच्या ऑफिसात नोकरी धरून तिथे शिकायचं, हवं तर वरून एखादं सर्टिफिकेट घ्यायचं. इमर्जन्सीचंही तेच, तिला वेगळी परीक्षा आहे पण ती आधी फॅमिली असलेल्यांसाठी, पायावर चढवलेला मजला आहे तो, पाया नाही. हा फरक ज्यांना ॲडमिशनच्या आधी कळला त्यांची निवड निम्मी तिथेच होते, आणि ज्यांना नंतर कळतो त्यांना फार महागात पडतो.

यात आणखी एक फाटा आहे. सहापैकी फक्त दोन ठिकाणी, ॲडल्ट-जेरो आणि बालक, प्रायमरी (नेहमीची तपासणी, साधी दुखणी) आणि ॲक्यूट (गंभीर पेशंट) असे दोन भाग केले. फॅमिलीला ॲक्यूट भाग नाही, ती प्रायमरीच. आणि त्याच कागदात असंही लिहिलंय की ही विभागणी जागेवरून ठरत नाही, पेशंटला कशा काळजीची गरज आहे त्यावरून ठरते. या एका वाक्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते की बघा, जागेचं बंधन नाही, म्हणजे फॅमिली एनपी हॉस्पिटलमध्ये काम करू शकते. दुसरी बाजू म्हणते की बघा, गरज बघायची, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची गरज ॲक्यूटच आहे मग तो कुठेही असो, तेव्हा फॅमिलीने त्याला हात लावू नये. दोघांचं वाचन त्याच वाक्यातून निघतं. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे, कारण ज्या पेशंटसाठी शिकवलंच नाही त्याच्या ऑर्डरी लिहायच्या हे पेशंटच्याही अंगाशी येतं आणि आपल्या लायसन्सच्याही. पण हेही खरं की आराखडा येण्याच्या कितीतरी आधीपासून फॅमिलीवाल्या एनपी हॉस्पिटलांत राउंड घेत होत्या आणि चांगलं काम करत होत्या, त्यांना एका कागदाने परकं करून टाकलं.

एक उदाहरण अगदी जवळचं आहे. माझ्याबरोबर आयसीयूत सहा वर्षं काम केलेली एक मैत्रीण, आपली नागपूरची. ड्रिप टायट्रेट करणं, आर्टेरियल लाइन, रात्री दोनला पेशंट कोसळला की सगळे आधी तिच्याकडे बघायचे. तिला सगळ्यांनी सांगितलं फॅमिली घे, फॅमिली सगळीकडे चालतं. तिने घेतलं, नोकरी सांभाळून अडीच वर्षं घासली, पास झाली. आणि जे युनिट ती रात्ररात्र सांभाळायची तिथेच एनपीची जागा निघाली तर तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर, जागेखाली लिहिलेलं ‘फक्त ॲक्यूट केअर’. तिला समजेचना, माझा सहा वर्षांचा अनुभव गेला कुठे? तर तो अनुभव नर्स म्हणून धरतात, एनपी म्हणून तुझं क्षेत्र पदवी आणि परीक्षा ठरवतात. आता ती मास्टर्सनंतरचं ॲक्यूटचं सर्टिफिकेट करतेय, परत प्रिसेप्टर (पेशंट बघताना हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती) शोधा, परत तासांची नोंद, परत परीक्षा.

उलटंही होतं. ॲक्यूटवाल्यांना वाटतं इमर्जन्सी म्हणजे आपलंच घर, पण त्यांची पॉप्युलेशन सुरू होते किशोरवयापासून. रात्री एका खाटेवर साठीचे गृहस्थ श्वासाची ट्यूब टाकलेले आणि शेजारच्या खाटेवर कान दुखतोय म्हणून रडणारं चार वर्षांचं पोर. पहिला पेशंट फॅमिलीच्या बाहेर, दुसरा ॲक्यूट ॲडल्टच्या बाहेर. म्हणून इमर्जन्सीच्या जाहिरातींत बऱ्याचदा फॅमिली मागतात, आणि काही ठिकाणी दोन्ही असतील तर उत्तम असं लिहितात. विमेन्स हेल्थबद्दल आपल्याकडे अजून एक घोळ असतो, लोकांना वाटतं त्यात बाळंतपण करायला मिळतं. नाही मिळत. डिलिव्हरी हवी असेल तर मिडवाइफची भूमिका वेगळी आहे, तिचं शिक्षण वेगळं.

आता थोडं मागे. सुरुवात झाली १९६५ ला कोलोरॅडोत, एक नर्स आणि एक बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून मुलांसाठी काही महिन्यांचा कोर्स काढला. डॉक्टर स्पेशालिस्ट होऊन शहरात जात होते, खेड्यातल्या मुलांची वाढ, लसी, साधी दुखणी बघायला कोणी नव्हतं. आणि त्याच वर्षी सरकारने म्हाताऱ्यांचा आणि गरिबांचा दवाखान्याचा खर्च उचलायचं ठरवलं, म्हणजे पेशंट अचानक वाढले. यात हॉस्पिटल कुठेच नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं, एनपीचा जन्म प्रायमरीतला आहे. विरोध डॉक्टरांकडून झालाच पण नर्सिंगच्या शिक्षकांकडूनही झाला, त्यांना वाटलं नर्सिंग सोडून या मुली छोट्या डॉक्टर होतायत. १९७१ ला आयडाहोने पहिल्यांदा कायद्यात निदान आणि उपचाराची मुभा दिली. मधली वर्षं म्हणजे कोर्सची सर्टिफिकेटं हळूहळू मास्टर्स होत गेली, त्यात फार रमायचं कारण नाही.

पैशाचा इतिहास मात्र सांगायलाच हवा. १९७७ च्या कायद्याने खेड्यातल्या क्लिनिकमध्ये एनपीच्या कामाचे पैसे सरकारकडून मिळू लागले, आणि १९९७ च्या कायद्याने गाव असो शहर असो, एनपीला स्वतःच्या नावाने बिल करता येऊ लागलं, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. म्हणजे त्याच तपासणीला डॉक्टरला एक रुपया तर एनपीला पंच्याऐंशी पैसे. हा दर अजून तोच आहे. पण याने काय झालं की हॉस्पिटलांना आणि मोठ्या ग्रुपना एनपी ठेवणं परवडू लागलं, आणि प्रायमरीतून निघालेली ही भूमिका आयसीयूपर्यंत पोचली. २००३ पासून नव्याने बिल करणाऱ्यांना मास्टर्स हवंच असंही ठरलं. आज देशात चार लाखांच्या वर एनपी आहेत आणि त्यातल्या दहापैकी साधारण सात फॅमिलीच्या, त्यामुळे ‘फॅमिली घे’ हा सल्ला का मिळतो ते कळतं, सल्ला देणाऱ्या बहुतेक जणी स्वतः त्याच असतात. शहरांत त्या जागांना गर्दीही तेवढीच.

आणि मग डीएनपी, म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट. २००४ ला कॉलेजांच्या एका संस्थेने ठरवलं की २०१५ पर्यंत प्रवेशाचीच पदवी डॉक्टरेट व्हायला हवी. २०१५ आलं आणि गेलं. २०१८ ला शिकवणाऱ्यांच्या दुसऱ्या संस्थेने नवी तारीख दिली, २०२५. तीही गेली, मास्टर्सचे प्रोग्रॅम चालू आहेत आणि एनपीच्या लायसन्सला आजही मास्टर्स पुरतं. भूल देणाऱ्या नर्सेसचं मात्र खरंच झालं, जानेवारी २०२२ पासून तिथे नवीन प्रवेश डॉक्टरेटलाच. म्हणून ‘आता डीएनपीच लागते ना’ असं कोणी म्हटलं की आधी विचारा कोणत्या भूमिकेबद्दल बोलताय. मला स्वतःला वाटतं की दोन मुलं, घराचा हप्ता आणि रात्रपाळी असताना केवळ तारखेच्या भीतीने आणखी दीड-दोन वर्षांची फी भरू नये. शिकवायचं असेल, मोठ्या हॉस्पिटलात वरच्या पदावर जायचं असेल तर ती कामी येते हे नक्की.

तासांचं गणितही बदललंय. बरीच वर्षं पेशंटसोबतचे किमान ५०० तास असा नियम होता, २०२२ च्या निकषांत ते ७५० केले, डीएनपीला बहुतेक ठिकाणी एकूण १००० धरतात. वाढ योग्यच आहे असं मी म्हणेन, ५०० तास म्हणजे आठवड्याला दोन दिवस धरले तरी एक वर्ष नीट भरत नाही. पण तास वाढले आणि प्रिसेप्टर वाढले नाहीत. त्यामुळे कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारावा की प्रिसेप्टर तुम्ही देता की मी शोधायचे, आणि उत्तर मेलवर लेखी घ्यावं. फोनवर ‘वी विल सपोर्ट यू’ म्हणतात, आणि प्रत्यक्षात हातात क्लिनिकची एक जुनी यादी देतात, ज्यातल्या निम्म्या ठिकाणी कोणी विद्यार्थी घेत नाही. ऑनलाइन प्रोग्रॅम असेल तर तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला घ्यायची त्यांना परवानगी आहे का हेही तेव्हाच विचारावं.

राज्य हा भाग वेगळाच. निम्म्याहून जास्त राज्यांत आज एनपी डॉक्टरच्या कराराशिवाय काम करते. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरबरोबर करार लागतोच. न्यूयॉर्कने २०२२ ला ३६०० तासांहून जास्त अनुभव असलेल्यांची डॉक्टरशी सहयोगाच्या अटीतून सुटका केली. कॅलिफोर्नियाने २०२० ला कायदा केला, तो प्रत्यक्षात आला २०२३ ला, आणि त्यात एनपीचे १०३ आणि १०४ असे दोन प्रकार केले, आधी १०३ मध्ये डॉक्टर असलेल्या ठिकाणी काम, मग आणखी तीन वर्षांनी १०४, म्हणजे पूर्ण स्वतंत्र. स्वतःचं क्लिनिक काढायचं स्वप्न असेल, आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींचं ते असतं, तर ट्रॅकइतकंच राज्यही आधी ठरवायला हवं. पण नवऱ्याची नोकरी जिथे तिथे राहायचं असतं हेही मला कळतं.

आपल्याकडे भारतात नर्सिंग कौन्सिलने २०१६-१७ च्या सुमारास मास्टर्सच्या पातळीवरचा एनपी कोर्स आणला तो क्रिटिकल केअरचा, दोन वर्षांचा, रेसिडेन्सीच्या धर्तीवर, बहुतेक वेळ वॉर्डात. अमेरिकेची सुरुवात हॉस्पिटलच्या बाहेर, लस टोचून घ्यायला आलेल्या धडधाकट मुलांपासून झाली, आपली झाली ती थेट आयसीयूतून. गावची एखादी भाची फोन करून विचारते, ‘मावशी, मी इथेच एनपी करू की तिकडे येऊन?’, तेव्हा मी आधी तिला एवढंच विचारते की तुला दिवसभर समोर कोण बसलेलं हवंय, तापाचं मूल, शुगरचे आजोबा, की ट्यूब टाकलेला पेशंट. बहुतेक वेळा पलीकडून थोडा वेळ आवाजच येत नाही. मग म्हणते, ‘विचार करून सांगते.’