इलॅस्टिक नव्हतं तेव्हाची ब्रा

मध्ययुगीन युरोपातल्या बायकांचे झगे कसे होते हे चित्रांत दिसतं. आत काय घालत, ते कळणं अवघड. आतले कपडे लिननचे, म्हणजे जवसाच्या खोडातल्या धाग्याचे. (चटणीचं जवस ते हेच.) हा धागा बहुतांशी सेल्युलोज असतो आणि ओल्या, आम्लधर्मी मातीत कुजतो. शिवाय वापरून विरलेलं लिनन चिंध्या म्हणून कागदाच्या कारखान्यात जाई. उरणार काय?

ऑस्ट्रियातल्या पूर्व टिरोलमध्ये लेंगबर्ग किल्ल्यात मात्र 2008 साली घबाड हाती लागलं. दुरुस्ती करताना दुसऱ्या मजल्यावर, कमानीशेजारच्या पोकळीत पंधराव्या शतकात भरलेला कोरडाठाक कचरा निघाला. त्यात कापडाचे 2700 हून जास्त तुकडे होते आणि त्यांत चक्क चार ब्रा! इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्झ यांनी त्या अभ्यासल्या. धाग्याचं रोप कधी वाढलं ते सांगणाऱ्या रेडिओकार्बन चाचणीनेही पंधरावं शतकच सांगितलं. जवस एका हंगामाचं पीक, त्यामुळे जुन्या लाकडासारखी शे-दोनशे वर्षांची गफलत इथे होत नाही. ब्राचा जन्म अमेरिकेच्या मेरी फेल्प्स जेकबने 1914 मध्ये घेतलेल्या ब्राच्या पेटंटपासून मोजणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

चौथा नमुना सर्वांत बोलका. तो बरगड्यांच्या खालपर्यंत येतो आणि डाव्या बाजूला दोरी ओवायला काजं आहेत. जवसाचा तंतू तुटेपर्यंत ताणला तरी जेमतेम 2-3 टक्के लांबतो, म्हणजे आकार कापडाच्या लवचिकतेतून मिळणार नाही, तो कापातूनच काढावा लागतो. म्हणून प्रत्येक वाटी दोन तुकड्यांची, मध्ये उभी शिवण. आपल्या कटोरी ब्लाउजची युक्ती याच जातीची.

म्हणूनच ताणलं जाणारं कापड घेऊन केलेली नक्कल मला फोटोपुरती वाटते. आधी मांजरपाटावर बेतून पाहावं, फिटिंग जमलं की मगच लिननला कात्री लावावी, तीही ते भिजवून आटवून घेतल्यावर. लिनन हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण 12 टक्क्यांपर्यंत धरतं, सुती कापड 8 च्या आसपास. घाम टिपायला ते अंगालगत का घालत, हे अशी ब्रा दिवसभर घातली की पटतं.

त्याच कचऱ्यात ठिगळं लावलेली, कमरेला बांधायची एक चड्डीही मिळाली. दिसते आजच्या बिकिनीसारखी, पण त्या काळच्या चित्रांत अशा चड्ड्या बहुधा पुरुषांच्या अंगावर असतात. तेव्हा ब्राच्या जोडीला ती बायकांसाठी शिवणं घाईचं ठरेल.