फ्रेंच कायद्यातल्या संज्ञांचा इंग्रजी अनुवाद

फ्रान्समधले करार, कोर्टाचे निकाल, मृत्युपत्रं, खरेदीखतं इंग्रजीत आणायचं हे काम. वरवर सोपं वाटतं, कारण इंग्रजी कायद्यातले कितीतरी शब्द मुळात फ्रेंचच आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि मग कोर्टकचेरीत फ्रेंच घुसली, १३६२ मध्ये कायदा झाला की खटले इंग्रजीतून चालवा, तरी वकील मंडळी पुढची कित्येक वर्षं फ्रेंचमध्येच टिपणं काढत राहिली. ज्युरी, टॉर्ट (भरपाई मागता येईल असं दिवाणी अपकृत्य), मॉर्गेज (गहाण) हे शब्द तिथूनच आलेत.

आणि खरी गोची इथेच आहे. शब्द ओळखीचा दिसला की माणूस डिक्शनरी उघडत नाही. इंग्लंडचा कॉमन लॉ जुन्या निकालांवर वाढलेला, फ्रान्सचा दिवाणी कायदा १८०४ च्या संहितेवर उभा, त्यामुळे शब्द एक असला तरी त्यामागचं काम वेगळं असतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे नोतेर. लोक सरळ नोटरी पब्लिक लिहून मोकळे होतात. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेरचं टेबल, शिक्का आणि अ‍ॅफिडेव्हिटवरची सही डोळ्यासमोर येते, पण फ्रान्सचा नोतेर कायदा शिकलेला आणि सरकारने नेमलेला अधिकारी असतो, तो घराचं खरेदीखत स्वतः तयार करतो, सरकारचा कर गोळा करतो, मूळ दस्त स्वतःकडे जपून ठेवतो. गोव्यातल्या वाचकाला हे पटकन कळेल, तिथे पोर्तुगीज काळापासून वारसाचे दस्त नोटरीसमोरच होत आलेत. माझ्या मते नोतेर तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीत समजवावा.

घराच्याच व्यवहारातला दुसरा शब्द, कॉम्प्रोमी द व्हाँत. याचं इंग्रजीत कॉम्प्रोमाइज केलं तर सगळाच घोळ, कारण यात तडजोड बिडजोड काही नाही, हे आपलं साठेखत! घर घेणाऱ्याला यानंतर १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते, घर विकणाऱ्याला मात्र ती सोय नाही. इंग्रजीत प्रिलिमिनरी सेल अ‍ॅग्रीमेंट म्हटलं तर निदान वाचणारा फसत नाही.

फ्रेंच ज्युरिस्प्रुदाँस म्हणजे कोर्टांचे निकाल, इंग्रजी ज्युरिसप्रुडन्स म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान. माजिस्त्रा हा मॅजिस्ट्रेटसारखा दिसणारा फ्रेंच शब्द, पण त्यात न्यायाधीशही येतात आणि सरकारी वकीलही. द्रुआ हा शब्द तर कायदा आणि हक्क दोन्हीसाठी चालतो, संदर्भ वाचल्याशिवाय हात लावू नये. काही शब्दांना मात्र भाषांतर लागतच नाही, फोर्स मेज्यूर (माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती) इंग्रजी करारांतही तसाच असतो.

कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताने वेगळी वाट काढली. १ जानेवारी १९९४ पासून लागू असलेल्या त्यांच्या दिवाणी संहितेचे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही पाठ अधिकृत आहेत, त्यामुळे इंग्रजीतही मॉर्गेजऐवजी हायपोथेक आणि रिअल प्रॉपर्टीऐवजी (स्थावर मालमत्ता) इम्मूव्हेबल लिहितात, लंडनच्या वकिलाला विचित्र वाटलं तरी फ्रेंच कायद्याला हेच शब्द जास्त जवळचे आहेत. तिथेही इंग्रजी पाठात नंतर बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या. अमेरिकेतल्या लुइझियानाची १८२५ ची संहिता आधी फ्रेंचमध्ये लिहून मग इंग्रजीत आणली होती आणि त्या भाषांतरात चुका राहिल्या, म्हणून दोन पाठ जुळले नाहीत की तिथली कोर्टं फ्रेंच पाठ खरा मानत आली.