शंभर गोल करणारा खेळाडू कुठे गेला?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये एका हंगामात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू लान्स फ्रँकलिन. साल 2008, संघ हॉथॉर्न, गोल 113. त्यानंतर हा आकडा कुणालाही गाठता आलेला नाही. त्याआधी मात्र शंभरी काही अप्रूपाची नव्हती. 1934 मध्ये बॉब प्रॅटने आणि 1971 मध्ये पीटर हडसनने प्रत्येकी 150 गोल केले. 1993 च्या एकाच हंगामात टोनी मोड्रा (129), गॅरी अ‍ॅब्लेट (124) आणि जेसन डन्स्टल (123) असे तिघेजण सव्वाशेच्या आसपास पोहोचले. आणि 2021 मध्ये साखळी फेरीत सर्वाधिक गोल केल्याबद्दलचं कोलमन पदक हॅरी मकेला मिळालं, तेव्हा त्याचे गोल होते 58.

आजचे खेळाडू काही कमी ताकदीचे नाहीत. उलट जास्त वेगवान आहेत, जास्त पळतात. घटली आहे ती गोलासमोरची मोकळी जागा. या खेळातल्या आघाडीच्या फळीची गेल्या तीस वर्षांची कहाणी म्हणजे या जागेवरून चाललेली झटापट आहे, आणि तिच्या मुळाशी शाळेत शिकलेलं गतिशास्त्र आहे.

आधी खेळ थोडक्यात. मेलबर्नच्या टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये पत्र लिहून सुचवलं की, हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांना तंदुरुस्त ठेवायला एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. क्रिकेटचंच मैदान वापरायचं, म्हणून आजही हा खेळ लंबगोल मैदानावर होतो. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्या ओळखीचं झालेलं एमसीजी हे त्यातलं सर्वांत मोठं व्यासपीठ. प्रत्येक संघाचे 18 खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. कुणीही 15 मीटर किंवा त्याहून लांबून मारलेली किक हवेत झेलली की तो 'मार्क'. मग कुणी अंगावर येऊ शकत नाही, निवांत किक मारता येते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इथे ऑफसाइड नाही. कुणीही कुठेही उभं राहावं. त्यामुळे मैदानावर कुठे गर्दी करायची आणि कुठली जागा रिकामी ठेवायची, हे सगळं प्रशिक्षकाच्या डोक्यावर.

आघाडीची पारंपरिक मांडणी सहा जणांची. गोलासमोर फुल फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंना फॉरवर्ड पॉकेट. पुढच्या ओळीत मध्ये सेंटर हाफ फॉरवर्ड आणि दोन्ही अंगांना हाफ फॉरवर्ड. कागदावर छान दिसते. पण प्रत्येकाला एक बचावपटू चिकटलेला असतो, आणि खरा खेळ त्या दोघांमधल्या एक-दीड मीटरचा असतो.

आघाडीपटू चेंडू घेऊन येणाऱ्या साथीदाराच्या दिशेने अचानक धाव घेतो. याला 'लीड' म्हणतात. धाव कधी घ्यायची हे त्याला ठाऊक असतं, बचावपटूला नसतं. डोळ्यांनी पाहून पाय हलेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. दोघेही सारख्याच ताकदीने धावले आणि सेकंदाला 8 मीटरच्या वेगाला पोहोचले, तर दोघांत अंतर पडतं 8 गुणिले 0.2, म्हणजे 1.6 मीटर. बचावपटूचा हात त्याहून आखूड असतो. किक छातीच्या उंचीवर नेमकी आली तर मार्क मिळालाच समजा.

पण किक उंच आणि हवेत तरंगत आली की पारडं फिरतं. आघाडीपटूला चेंडू दोन्ही हातांत पक्का धरायचा असतो, बचावपटूला नुसता मुठीने फटकावायचा असतो. त्याला म्हणतात 'स्पॉइल'. शिवाय अशी किक इतरांनाही यायला वेळ देते. ढोबळ हिशेब करून पाहू. पन्नास मीटरची उंच किक जवळपास 3 सेकंद हवेत असते. तेवढ्या वेळात एखादा चपळ बचावपटू उभ्या जागेवरून साधारण 15 मीटर पळू शकतो. तीस मीटरची सपाट, सणसणीत किक दीड सेकंदात पोहोचते. तेवढ्यात तो जेमतेम 5 मीटर सरकतो. म्हणजे पहिल्या किकसाठी चेंडू पडेल त्या जागेभोवती 15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, सुमारे 700 चौरस मीटर, शत्रूपासून मोकळं हवं. दुसरीसाठी 80 चौरस मीटर पुरे. त्रिज्या तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट. आघाडीकडे उंच किकचा 'बॉम्ब' टाकणाऱ्या मिडफिल्डरवर प्रेक्षक का वैतागतात, ते या नऊपटीत आहे.

तरी उंच किकचा एक जोडफायदा असतो. बचावपटू बहुधा गोलाच्या बाजूला, म्हणजे आघाडीपटूच्या मागे असतो. तो मूठ मारतो तेव्हा चेंडू जिकडून आला त्याच बाजूला, गर्दीच्या पुढे पडतो. तिथे एक बुटका, चलाख खेळाडू टपून असतो: क्रम्बर. लहान मुलांनाही प्रशिक्षक घोकून घेतात, 'फ्रंट अँड स्क्वेअर', गर्दीच्या समोर आणि काटकोनात राहा. उंच माणूस झेल घेऊ शकला नाही तरी चालेल, पण चेंडू जमिनीवर आणायलाच हवा. अ‍ॅडलेड ओव्हलच्या एका कोपऱ्याला तर एडी बेट्स या क्रम्बरचं नाव लोकांनी देऊन टाकलंय, इतके अशक्य गोल त्याने तिथून मारले.

आता जागेकडे येऊ. 1990 च्या दशकात नॉर्थ मेलबर्नचे प्रशिक्षक डेनिस पेगन यांनी सरळ उपाय केला. गोलासमोरची गर्दी हटवायची तर आपलेच आघाडीपटू मैदानाच्या मध्याकडे खेचायचे. त्यांच्यामागे त्यांचे बचावपटू आपसूक जातात. मागे उरतं मोठं रान, आणि त्यात एकटा वेन केरी. केरी ताकदीचा, हवेत अजिंक्य. लांब किक मारा, तो आणि त्याचा बचावपटू दोघेच काय ते निस्तरतील. या रिकाम्या जागेला लोक 'पेगन्स पॅडॉक' म्हणू लागले. संघाने 1996 आणि 1999 मध्ये विजेतेपद मिळवलं. माझ्या मते आघाडीच्या डावपेचांमधली ही सर्वांत देखणी कल्पना. तिच्यात नवीन काही आणलेलं नाही, असलेलं काढून घेतलंय.

उत्तर यायचंच होतं. 2000 मध्ये एसेंडनने पहिले सलग 20 सामने जिंकले होते. एकविसाव्या फेरीत वेस्टर्न बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी आपले बहुतेक खेळाडू बचावात ओतले. एसेंडनच्या आघाडीला हलायला जागा उरली नाही आणि त्या वर्षातला त्यांचा एकमेव पराभव झाला. या 'फ्लड'वर तेव्हा टीकाही झाली. पण ऑफसाइड नसलेल्या खेळात हे कुणाला तरी सुचणारच होतं. अदलाबदलीचे खेळाडू सतत आत-बाहेर करता येऊ लागले, तशी दमछाकीची अडचणही मिटत गेली. मग 2014 पासून अदलाबदलींवर सामन्यामागे 120 ची मर्यादा आली, 2016 मध्ये ती 90 वर आणि 2021 मध्ये 75 वर आणली. दमलेला माणूस जागा सोडतो, हे त्यामागचं गणित.

दरम्यान आघाडीपटूचं काम मुळातूनच बदललं. हॉथॉर्नच्या अ‍ॅलिस्टर क्लार्कसन यांनी 2008 मध्ये माणसामागे माणूस न लावता चेंडूबरोबर सरकणारी जाळी वापरली. 2010 मध्ये मिक मॉलथाउस यांच्या कॉलिंगवूडने ती आणखी पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे रेटली. चेंडू हातचा गेला तरी तो आपल्याच आघाडीत कोंडून ठेवायचा. म्हणजे पहिला बचाव आघाडीपटूंनीच करायचा. नुसता गोलासमोर उभा राहून झेल घेणारा धिप्पाड माणूस इथे महागात पडू लागला, कारण चेंडू जमिनीवर पडला की तो पाठलागाच्या कामाचा नाही.

रिचमंडने 2017 मध्ये हे टोकाला नेलं. जॅक रीवोल्ड हा एकच उंच फॉरवर्ड. भोवती डॅनियल रिओली, जेसन कॅस्टान्या, डॅन बटलर असे छोटे, पळणारे. समोर त्या हंगामात सर्वाधिक गुण करणारं, उंच आघाडीचं अ‍ॅडलेड. अंतिम सामना रिचमंडने 108-60 असा एकतर्फी जिंकला.

गोलासमोर जागा मिळाली तरी ती सगळी सारखी नसते. दोन मधल्या खांबांतलं अंतर 6.4 मीटर. समोरून 30 मीटरवर उभं राहिलं तर ते सुमारे 12 अंशांचं दिसतं, 50 मीटरवर 7 अंशांचं. पण 40 मीटरवरच राहून 60 अंश बाजूला सरका. कोन साडेचार अंशांवर येतो. समोरून 80 मीटरवरून मारण्याइतकं अरुंद! म्हणून बचाव फळी चेंडू हिरावू शकली नाही तर निदान सीमारेषेकडे ढकलते.

2018 च्या अंतिम सामन्यात वेस्ट कोस्ट पिछाडीवर होतं, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली. जेरेमी मॅकगव्हर्नने बचावात झेल घेतला. तिथून नेथन वार्डी, मग लियाम रायन, आणि कॉलिंगवूडचे खेळाडू मागे पोहोचायच्या आत चेंडू डॉम शीडकडे. शीडला मार्क मिळाला तो विली रिओलीने ब्रेडन मेनर्डला वाटेत अडवल्यामुळेही. पंचांनी फ्री किक दिली नाही, त्यावर वाद झाला. जागा मिळाली, पण वाईटातली वाईट: सीमारेषेला चिकटून, तिरकस. शीडने गोल मारला आणि संघ 5 गुणांनी जिंकला.

पुढच्याच वर्षी नियम आला, 6-6-6. मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे सहा जण आघाडीत, सहा मध्ये, सहा बचावात. शिवाय दोन्ही गोलांसमोरच्या चौकटीत प्रत्येकी एक असायलाच हवा. हेतू उघड होता, फुल फॉरवर्डला त्याचं रान परत द्यायचं. पण नियम लागू असतो तो फक्त चेंडू वर उडेपर्यंत. त्यानंतरच्या काही सेकंदांत चेंडू स्वच्छ बाहेर निघाला तर आघाडीपटू खरंच एकास एक सापडतो. चेंडू झटापटीत अडकला की मोकळे खेळाडू धावत मागे येतात आणि रान पुन्हा भरतं. 2019 मध्ये सरासरी गुणसंख्या वाढली तर नाहीच, उलट थोडी खाली आली. 2023 मध्ये कार्लटनच्या चार्ली कर्नोने साखळी फेरीत 78 गोल करून कोलमन पदक जिंकलं, तेव्हा ते भरघोस वाटले. शंभरासाठी त्याला आणखी 22 हवे होते.