मुलांचं पुस्तक न्यूबेरी-कॅल्डकॉटसाठी पाठवायचंय? छापायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत राहून मुलांसाठी इंग्रजीत लिहिणारे आपले मराठी लोक आता बरेच झालेत आणि दिवाळी झाली की ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात, न्यूबेरी, म्हणजे अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा पुरस्कार, त्याला पुस्तक पाठवायचं कसं, फॉर्म कुठे मिळतो, फी किती, कोणाची ओळख लागते का. ओळख लागत नाही, फी पण नाही. पण एक अट अशी आहे की पुस्तक एकदा चुकीच्या ठिकाणी आधी छापलं गेलं की मग काहीच करता येत नाही, आणि ती अट बहुतेकांना पुस्तक हातात आल्यावरच कळते. मी लायब्ररीत मुलांच्या विभागात काम करते, त्यामुळे हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी कोण काय देतं ते बघू. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन म्हणजे एएलए, ही ग्रंथपालांची संघटना १८७६ पासून आहे. तिचा मुलांसाठीचा विभाग एएलएससी, तो न्यूबेरी मेडल (१९२२ पासून, लेखनासाठी) आणि कॅल्डकॉट मेडल (१९३८ पासून, चित्रांसाठी) देतो. टीनएजर्सचा विभाग याल्सा, त्यांचं प्रिंट्झ अवॉर्ड २००० पासून. बाकी पण बरेच आहेत, कोरेटा स्कॉट किंग, पुरा बेलप्रे, सायबर्ट वगैरे, आणि सगळ्यांची घोषणा एकत्रच होते, जानेवारीच्या शेवटी एका सोमवारी सकाळी, नेटवर लाइव्ह बघता येते.

आता पात्रता. न्यूबेरीसाठी लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा. रहिवासी म्हणजे इथे घर करून राहणारा, फिरायला आलेला नाही, आणि त्या व्याख्येत ग्रीन कार्डचा उल्लेख नाही. भारतात जन्मलेल्या लेखकाला हे मेडल मिळू शकतं का असं कोणी विचारलं तर १९२८ सालचं नाव सांगायचं, धनगोपाल मुखर्जी, कलकत्त्याजवळ जन्मलेले, एका कबुतराच्या गोष्टीसाठी न्यूबेरी मिळालं, आणि तेव्हा परिस्थिती अशी होती की १९२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ताच बंद झाला होता. अलीकडे २०१९ मध्ये वीरा हिरानंदानी आणि २०२२ मध्ये रजनी लारोका या भारतीय वंशाच्या लेखिकांच्या पुस्तकांना न्यूबेरी ऑनर, म्हणजे मेडलच्या खालोखालचा मान, मिळाला. म्हणजे दार उघडं आहे हो, अर्ध्यावरून परत फिरू नका.

आणि आता ती अट. पुस्तक इंग्रजीत आणि पहिल्यांदा अमेरिकेतच प्रकाशित झालेलं हवं, किंवा अमेरिकेत आणि दुसऱ्या देशात एकाच वेळी. पुण्यात आधी काढलं, दोन-चारशे प्रती वाटल्या, मग पुढच्या वर्षी अमेरिकन आवृत्ती काढली, तर ते पुस्तक न्यूबेरीतून बाद. मजकूर आधी कुठल्याही रूपात प्रकाशित झालेला नको असं नियमातच आहे, त्यामुळे स्वतःच्याच मराठी बालकादंबरीचं स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतर सुद्धा यात बसत नाही. आपल्याकडे स्वस्तात छपाई होते, आजी-आजोबांच्या हस्ते प्रकाशन करायची हौस असते, सगळं मान्य, पण अमेरिकन तारीख आधी किंवा त्याच वेळी असू दे.

लोककथांचं मात्र उलट आहे आणि हे खूप जणांना माहीत नसतं. पंचतंत्र, बिरबल, आजीच्या गोष्टी तुम्ही स्वतःच्या शब्दांत नव्याने सांगितल्या असतील तर न्यूबेरीला चालतात, शब्द तुमचे हवेत एवढंच. मधे मधे मराठी शब्द आले तरी हरकत नाही. वय १४ पर्यंतचा वाचक धरलाय, आणि जाडजूड कादंबरीच लागते असं पण नाही, २०१६ ला एका चित्रपुस्तकाच्या मजकुराला न्यूबेरी मिळालं होतं.

कॅल्डकॉटमध्ये नागरिक-रहिवासी ही अट फक्त चित्रकाराला आहे, लेखक कुठेही राहत असला तरी चालतो. म्हणजे लेखिका सांगलीत, चित्रकार न्यू जर्सीत आणि प्रकाशक अमेरिकन, पुस्तक पहिल्यांदा इथेच आलं, तर कॅल्डकॉटला पात्र. उलटं असेल, म्हणजे लेखिका न्यू जर्सीत आणि चित्रं सांगलीहून, तर कॅल्डकॉट नाही पण मजकूर न्यूबेरीला जाऊ शकतो. टीम जमवताना हा हिशोब डोक्यात ठेवा.

मग मराठीत आधीच छापलेल्या पुस्तकाचं काय? त्याच्यासाठी बॅचेल्डर अवॉर्ड आहे आणि मला मनापासून वाटतं की आपल्या लोकांनी याच्याकडे जास्त बघायला पाहिजे. परदेशात, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत आधी प्रकाशित झालेलं मुलांचं पुस्तक भाषांतर होऊन अमेरिकेत आलं की ते यात येतं. पुरस्कार अमेरिकन प्रकाशकाला मिळतो, त्यामुळे तुमचं पहिलं काम प्रकाशक शोधणं. बॅचेल्डरला लोककथा चालत नाहीत, आणि चित्रपुस्तक असेल तर मजकूर भरीव हवा, चित्रांइतकाच महत्त्वाचा.

प्रिंट्झ १२ ते १८ वयासाठी, यात नागरिकत्वाची अट नाही, आधी परदेशात आलेलं पुस्तक पण त्या वर्षी अमेरिकन आवृत्ती निघाली असेल तर चालतं. पण स्वतः छापलेलं किंवा फक्त ई-बुक असलेलं चालत नाही, आणि लेखक-प्रकाशकाने स्वतःचं पुस्तक स्वतः नॉमिनेट करायचं नाही. एशियन पॅसिफिक अमेरिकन ग्रंथपालांची संघटना आहे, एपाला, त्यांचे वेगळे पुरस्कार आहेत, विषय एशियन अमेरिकन लोकांचं आयुष्य आणि वारसा असा असेल तर तिकडे पण नक्की पाठवा.

पाठवायचं कसं, तर न्यूबेरी-कॅल्डकॉटला साधारण पद्धत अशी की एक प्रत एएलएससीच्या ऑफिसला आणि एक त्या वर्षीच्या कमिटीच्या अध्यक्षांना, पाकिटावर पुरस्काराचं नाव स्पष्ट, शेवटची तारीख ३१ डिसेंबर. अध्यक्ष दर वर्षी बदलतात म्हणून पत्ता आणि सूचना एएलएससीच्या साइटवरून त्या वर्षीच्याच घ्या, मैत्रिणीने मागच्या वर्षी वापरलेला पत्ता नको. सोबत एक पानी पत्र ठेवा, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक-चित्रकार, दोघं कुठे राहतात, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, आयएसबीएन. आणि पार्सल बंद करायच्या आधी कॉपीराइटचं पान उघडून बघा, तिथलं वर्ष, प्रकाशकाचा देश, 'प्रथम आवृत्ती' काय छापलंय ते. कॉपीराइटचं साल, ज्या वर्षाची पुस्तकं कमिटी बघतेय त्याच्या पुढचं नको आणि पुस्तक त्या वर्षात विकत मिळत असायला हवं.

डिसेंबरची वाट बघू नका हे कळकळीने सांगते. कमिटीत १५ जण असतात, आपापली नोकरी सांभाळून वर्षभर वाचत असतात, शेवटच्या आठवड्यात आलेल्या पुस्तकाला दुसऱ्यांदा वाचायला वेळच उरत नाही. आणि दुसरं वाचन महत्त्वाचं, कारण मतदान असं होतं: प्रत्येक जण तीन पुस्तकं लिहितो, पहिल्या पसंतीला ४ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, आणि जिंकायला किमान ८ जणांची पहिली पसंती आणि दुसऱ्या नंबरपेक्षा ८ गुणांची आघाडी लागते. नाही जमलं तर परत चर्चा, परत मतदान. कोणाला नुसतं "बरं वाटलं" म्हणून काही होत नाही, कोणीतरी त्या पुस्तकासाठी हट्टाने बोलावं लागतं. ही चर्चा पूर्ण गुप्त असते, त्यामुळे कमिटीच्या लोकांना मेसेज करून विचारत बसू नका. शॉर्टलिस्ट वगैरे काही जाहीर होत नाही.

कार्यक्रमांचं थोडक्यात. एएलएचं जानेवारीतलं लिबलर्नएक्स हे संमेलन २०२५ च्या फिनिक्सनंतर बंद झालं. मोठं वार्षिक अधिवेशन जूनच्या शेवटी असतं, २०२५ ला फिलाडेल्फियात झालं, २०२६ शिकागोत, संघटनेचं १५० वं वर्ष. मेडलं प्रत्यक्ष याच अधिवेशनात एका जेवणाच्या समारंभात देतात. नवीन लेखकाने प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जावं असं मी म्हणेन, लहान प्रकाशक स्वतः स्टॉलवर उभे असतात आणि भाषांतरात कोणाला रस आहे हे समोरासमोर विचारता येतं. जाताना मराठी पुस्तक आणि त्यातल्या एका प्रकरणाचं चांगलं इंग्रजी भाषांतर प्रिंट करून न्या.