देवबागची विहीर गोडी कशी राहते?

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला गेलं की जमीन चिंचोळी होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधल्या वाळूच्या दांड्यावर माडांसकट अख्खं देवबाग गाव. टेक्सासचं पाद्रे बेटही वाळूचंच, पण ते सुमारे 180 किलोमीटर लांब. कोकणात एवढं लांब बेट होत नाही. इथे ठिकठिकाणी खडकाळ टोकं समुद्रात घुसलेली आहेत, आणि उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या पुढे जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करताना खाड्यांची मुखं उघडीच राहतात. म्हणून आपल्या वाट्याला आखूड दांडे आले.

या दांड्यावर थोडंसं खणलं तरी गोडं पाणी लागतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळूत तो पडताक्षणी मुरतो. समुद्राच्या एका लिटरचं वजन सुमारे 1,025 ग्रॅम, पावसाच्या पाण्याचं 1,000. हलकं पाणी जड पाण्यावर तरंगतं, आणि वाळूच्या कणांत ढवळाढवळ होत नसल्यामुळे दोन्ही सहजी मिसळत नाहीत. उत्तर समुद्रातल्या जर्मन बेटांवरच्या विहिरींचा अभ्यास करून हर्झबर्ग यांनी 1901 मध्ये याचा हिशेब मांडला: समुद्रपातळीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर खाली ते 40 मीटर असतं. मधे मचूळ पट्टा असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच धरावं.

पाण्याचा हाच हिशेब उलटाही चालतो. पंपाने विहिरीची पातळी 10 सेंटिमीटर उतरवली, की खालचं खारं पाणी 4 मीटर वर चढू बघतं. रहाटाने चार घागरी ओढणाऱ्या घराला याचा त्रास नव्हता. एप्रिल-मेमध्ये, पाहुण्यांच्या गर्दीत, पंप तासन् तास चालतो तेव्हा पाणी मचूळ लागायला लागतं. मग माणसं विहीर आणखी खोल करतात. याइतका चुकीचा उपाय नाही, कारण खाली गेलं की खारं पाणी जवळच येतं. विहीर उथळ आणि रुंद हवी, शक्यतो दांड्याच्या मध्यावर. लहान पंपाने थोडं थोडं, मधे विश्रांती देत उपसावं. एकदा खारट झालेली विहीर पुढच्या पावसाशिवाय सुधारत नाही, आणि एक पावसाळा पुरेलच असंही नाही.

गोडं पाणी टिकायला दांडा रुंद हवा. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून समोरच्या उथळ समुद्रात नेऊन टाकतात. ऑक्टोबरनंतरच्या संथ लाटा तीच वाळू परत आणतात. परतलेली वाळू मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा नावाचं गवत धरून ठेवतात. वेलीला पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे एखादा तुकडा वाहून गेला तरी उरलेला तग धरतो. दगडी बंधाऱ्यावर मात्र लाट आपटून मागे वळते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते. बंधारा जिथे संपतो, त्याच्या पुढे धूप वाढते. खाडीतला बेसुमार वाळूउपसा तर दांड्याची शिदोरीच पळवतो. घर वाचवायला माणूस बंधारा मागणारच, पण किंमत शेजारचा मोजतो.

खाडीच्या बाजूला याच वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वाढतात. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खूप उतरते, तेव्हा गुडघाभर पाण्यात पायाने चाचपून त्या काढतात. तिसरी पाणी गाळून अन्न खाते, त्यामुळे पोटात वाळू असतेच. ती काढायला पसरट भांड्यात, एका थरात, खाऱ्या पाण्यात तीन-चार तास ठेवाव्यात. समुद्राचं पाणी नसेल तर लिटरला 30 ते 35 ग्रॅम मीठ. नळाच्या पाण्यात टाकल्या तर शिंपा घट्ट मिटतात आणि वाळू आतच राहते. ढीग केला तर वरच्यांनी टाकलेली वाळू खालच्या पुन्हा ओढतात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर फेकावी. मिटलेली पण हाताला जड लागणारी वेगळी उघडून बघावी: आत नुसता चिखल असेल, तर तेवढी एक अख्खं कालवण नासवते. आडाळीवर (विळीवर) चिरून मांस एकाच शिंपेत ठेवलं की एकशिपीची तयारी झाली. कांदा, वाटण परतून तिसऱ्या घातल्यावर झाकण ठेवून चार-पाच मिनिटं पुरे. जास्त शिजवल्या तर चिवट होतात. सोलं (आमसुलं) शेवटी. आणि मीठ चव घेतल्यावरच, कारण तिसऱ्यांना सुटणारं पाणी खारंच असतं.