थायरॉईडच्या गोळीची ‘सवय’ लागत नाही

‘एवढ्या लहान वयात गोळी नको, सवय लागेल.’ कोथरूड असो की हडपसर, हे आजही सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे संप्रेरक (हार्मोन) बनवते, तेच. ग्रंथी कमी पडते तेवढं बाहेरून भरून काढायचं. यात व्यसन कसलं? वाढीच्या वयात ते अपुरं पडलं तर उंची खुंटू शकते, पाळी बिघडते, लेकरू सतत थकलेलं असतं. आणि आपण त्याला आळशी म्हणतो, याचं फार वाईट वाटतं.

शंका असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत. चहा-नाश्ता निदान 30 मिनिटांनी, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी 4 तासांनी. काही मुलांची ग्रंथी पुढे सावरतेही, पण गोळी थांबवायची का, हे डॉक्टर रक्त तपासूनच ठरवतात.