पार्श्वभूमी : खानदेशातली वंशावळ ‘पाटील’पाशी का अडते

“कोना पोऱ्या शे रे तू?” पारावरच्या म्हाताऱ्याला बापाचं, फार तर आज्याचं नाव सांगितलं की आजही भागतं. पणज्याच्या मागे जायचं तर कागद लागतो.

तापीकाठी गुजरातेतून आलेले लेवे आणि गुजर, उत्तरेकडून आलेली राजपूत घराणी कित्येक शतकांपासून नांदताहेत. लेव्यांच्या घरात गुजरातेतल्या पावागडाचं नाव निघतं. पण पिढ्यांचा हिशेब असतो भाटाच्या वहीत. भाट काही वर्षांनी येतो, ओसरीवर बसून वही उलगडतो, आधी कूळ आणि मग नावं एका लयीत वाचतो, नवी जन्मलेली मुलं लिहून घेतो आणि बिदागी घेऊन पुढच्या गावाला लागतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही गावागणिक नामावळ्या आहेत.

गोंधळ आडनावात आहे. पाटीलकी हे वतन. ते चालवायचा घरातला एकजण, पण पुढे सगळी भाऊबंदकी ‘पाटील’ लावू लागली आणि मूळ कूळ मागे पडलं. 1962च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं, आडनाव मात्र राहिलं. त्यामुळे एकच माणूस भाटाच्या वहीत कुळाच्या नावानं, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, नुसत्या बापाच्या नावानं आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘पाटील’ म्हणून सापडतो. एकाच गल्लीत दोन वेगळ्या कुळांचे पाटील असतात, त्यांच्यात सोयरीकही होते. म्हणून लग्न जमवताना “पाटील ठीक, पण मूळ आडनाव काय?” असं विचारतात. वंशावळ शोधणाऱ्यानंही सुरुवात तिथूनच करावी. आडनावाच्या मागे लागून लोक वर्षानुवर्षं परक्याच घराण्याची पानं चाळत बसतात.

कागद कुठे ठेवलेत हीसुद्धा अडचण आहे. मालेगाव, बागलाण 1869पर्यंत खानदेशात होते, नंतर नाशकात गेले. 1906 साली खानदेशाचे पूर्व (आजचं जळगाव) आणि पश्चिम (पुढचं धुळे) असे दोन जिल्हे झाले. 1998मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. गाव जागच्या जागी राहिलं, पण त्याच्या जुन्या कागदांचं जिल्ह्याचं ठिकाण बदलत गेलं.

अलीकडे या शोधाला जातीच्या दाखल्यानं गती दिली. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967पूर्वीचा पुरावा धरतात, आणि 2023पासून कुणबी नोंदींसाठी मोडीतली जुनी दप्तरं उघडली गेली. त्यानिमित्तानं मोडी वाचणाऱ्यांना काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण दाखल्यापुरतं एक पान काढून बाकीचं दप्तर पुन्हा वाळवीच्या हवाली करणं मला पटत नाही. त्याच दप्तरात शेजाऱ्याचा पणजाही असतो.

आमच्या पणज्याची नोंद अशीच मिळाली. जन्माच्या वेळी नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून नुसतं ‘मुलगा’, पुढे बापाचं नाव आणि जातीच्या रकान्यात ‘कु.’, म्हणजे कुणबी, एवढंच. त्याच वर्षी गावात त्याच नावाच्या दुसऱ्या बापालाही मुलगा झालेला. यातला आमचा कोणता, हे कागदावरून ठरेना. थोरल्या आत्यानं तिच्या लग्नाच्या बोलणीत ऐकलेलं कुळाचं नाव सांगितलं, ते घेऊन भाटाची वही पाहिली, तेव्हा तीन पिढ्या जुळल्या.